मागच्या रांगेचं तापमान

आमच्या हिला कारखान्यात सगळे तासबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ वळली की तासबाई. नाव मीच पाडलंय, लग्नाच्याही आधी, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. ही बाई दिवसांत बोलतच नाही. कापलेली पपई किती दिवस टिकेल असं विचारलं तर म्हणणार, "शहाण्णव तास." आमचं लग्न ठरलं तेव्हा मी लाडात येऊन म्हटलं, आता आयुष्यभराची सोबत. तर म्हणाली, "तासांत सांगू?" मी हात जोडले.

कारखाना आमचा फळं-भाज्या कापून डब्यांत भरणारा. खरबुजाच्या फोडी, सोललेली गाजरं, धुऊन चिरलेला पाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीनं उभ्या, हातात सुऱ्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि हॉल असा गार की भर उन्हाळ्यात आत स्वेटर घालून जावं लागतं. मी तिथला ड्रायव्हर. आधी काही वर्षं तिथंच क्रेट उचलले, मग अकरा वर्षं मालाची थंड गाडी चालवली. हॉलच्या टोकाला काचेचं दार, त्याच्या आड हिची प्रयोगशाळा. दोन ओटे, जंतू वाढवून बघायच्या बशांच्या चवडी, त्या बशा उबेत ठेवायचं एक कपाट, आणि भिंतीवर हिनं स्वतः पट्टी-पेन्सिल घेऊन आखलेला तक्ता.

त्या तक्त्याची गंमत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उभं तापमान, आडवे तास. अमुक गारव्यात अमुक तास माल राहिला तर त्यावर जंतू किती होतील, ते हिला माल खाल्ला जायच्या आधीच सांगता येतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. गारव्यात सावकाश, उबेत भराभर. बहुतेक जंतू चार अंशांवर गप पडतात. एक जात मात्र मेली अशी आहे की फ्रिजमध्ये बसूनही वाढते. चार अंशांवर एकाचे दोन व्हायला तिला जवळजवळ एक दिवस लागतो, बारा अंशांवर साडेचार तास. वासाला कळत नाही, चवीला कळत नाही. धडधाकट माणूस खाऊन ढेकर देतो आणि विसरून जातो. पोटुशी बाईनं खाल्ली तर बाईला नुसता ताप येतो, आणि आतलं लेकरू हातचं जातं.

"तपासणीत एकही सापडला नाही ना? मग सोडा की माल," असं मॅनेजर दिवसातून दोनदा म्हणायचे.

"सापडला नाही म्हणजे नाहीच, असं कुणी सांगितलं तुम्हाला? एक आहे असं धरायचं, साहेब, आणि तिथून मोजायचं."

हे हिचं पालुपद. घरीसुद्धा तेच. मी हात धुऊन जेवायला बसलो तरी माझ्या बोटांकडे बघून म्हणणार, "एक आहे असं धरते." मी उठून पुन्हा धुवायचो. कोण वाद घालणार?

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? चारचौघांत मी हिची नक्कल करायचो आणि ड्रायव्हर मंडळी पोट धरधरून हसायची. पण बाजारात आमच्या डब्यांना मान होता तो हिच्या तक्त्यामुळे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पंधरा वर्षांत हिचा आकडा एकदाही फसला नव्हता.

आता गाडीचं सांगतो. सांगायला जड जातंय, पण सांगतो.

गाडीत माल असतो त्या खणाला पुढच्या बाजूनं, ड्रायव्हरच्या पाठीमागे, वर एक पंखा असतो. गार हवा तो फेकतो. प्रत्येक फेरीला मालाबरोबर एक डबी जायची, काड्यापेटीएवढी, दर दहा मिनिटांनी तापमान टिपून ठेवणारी. आम्ही तिला चुगलखोर म्हणायचो. ती मालाच्या मधोमध ठेवायची, असं कागदावर लिहिलेलं होतं. पण मधोमध ठेवली की उतरवताना सापडत नाही, क्रेटखाली चेपते, आणि वर चुगल्या करते. अमक्या वाजता सात अंश, तमक्या वाजता नऊ. मग दुकानदार माल परत पाठवणार आणि मॅनेजर आमच्या नावानं शंख करणार. म्हणून वस्तादांनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरनं, फार वर्षांपूर्वीच पंख्याच्या बरोबर खाली एक हूक ठोकला होता. डबी तिथं टांगायची. चार अंश, सरळ रेघ, सगळे खूश. नंतर येईल त्या प्रत्येक गाडीत तसाच हूक ठोकला गेला. नव्या माणसाला गाडी दाखवताना क्लच, ब्रेक, आरसे आणि हूक, अशी ओळख करून द्यायची. मला तशीच करून दिली होती. मी पुढे सहा जणांना करून दिली.

यात काही लबाडी आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही येत नव्हतं. हिला त्या हुकाचा पत्ता नव्हता. प्रयोगशाळेतली माणसं गाडीत चढत नाहीत आणि ड्रायव्हर प्रयोगशाळेत शिरत नाहीत. आम्ही दोघं एका छपराखाली राहायचो, एका टेबलावर जेवायचो, आणि अकरा वर्षांत मी तिला ते सांगितलं नव्हतं. विषयच निघाला नाही, असं मी आता म्हणू शकतो. म्हणून काय होणार आहे?

माझी एक बहीण आहे. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तिच्या वेण्या मी घातल्यात, वाकड्यातिकड्या. लग्नानंतर दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिचा नवरा जहाजावर होता, परतायला अवकाश होता, म्हणून मी तिला उचलून आमच्याकडे आणलं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात तिघं, आणि तिघांचा जीव धाकटीच्या पोटात अडकलेला.

हिनं स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून टाकली. बाहेरचं काही नाही. कापून ठेवलेलं नाही, शिळं नाही, न शिजवलेलं नाही. धाकटी वैतागून म्हणायची, "वहिनी, मलाच एकदा उकळून काढ आणि मोकळी हो." ही म्हणायची, "झाकण ठेवून वीस मिनिटं." आणि दोघी खो खो हसायच्या. त्या दोघींचं मेतकूट असं जमलेलं की मला घरात कुणी विचारत नव्हतं. मला ते बरं वाटायचं.

सातव्या महिन्यात धाकटीच्या पोटात अन्न ठरेना. भात नको, पोळी नको, दूध बघितलं तरी उमासे. वजन वाढेना. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्या. तिला एकच गोष्ट हवी होती, गार खरबूज. झोपेतसुद्धा खरबूज. बाजारातला हंगाम संपलेला. कारखान्यात लांबून फळ यायचं, पण अख्खं फळ फाटकाबाहेर नेऊ देत नाहीत. फेरीतून उरलेला एखादा डबा मात्र ड्रायव्हरनं घरी नेला तर चालतं. एका रविवारी सकाळी मी दोन दिवसांची फेरी संपवून आलो तो फोडींचा डबा घेऊनच.

धाकटीनं डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. ही आतून आली आणि तिच्या हातातून तो काढून घेतला. झाकणावरचा छापा वाचला. "शुक्रवार दुपारचा माल. हा मीच तपासलाय, स्वच्छ होता." मग माझ्याकडे वळून, "फेरीची नोंद कुठाय?"

मी खिशातून चुगलखोर काढून दिली. कारखान्यात जमा करायची राहून गेली होती. हिनं ती कॉम्प्युटरला जोडली. चव्वेचाळीस तास, चार अंश, पट्टीनं आखलेली रेघ. मग हिनं वही उघडली, आणि धाकटी तोंडाला सुटलेलं पाणी गिळत बघत बसली.

"एक आहे असं धरू. चव्वेचाळीस तास, चार अंश. एकाचे चार होतील. चार जंतूंनी काही होत नाही." पेन्सिल खाली ठेवली. तरी पुन्हा मला विचारलंच, "मधे कुठे तापली नाही ना हो गाडी?"

मागच्या दाराचं रबर आठवडाभर फाटलेलं होतं. शनिवारी पुलावर अपघात झाला म्हणून गाडी तीन तास भर उन्हात उभी होती. डबा मी दाराजवळच्या शेवटच्या रांगेतून उचलला होता, कारण हात तिथं पोचतो. उचलताना तो हाताला गार लागला नव्हता. हे सगळं त्या क्षणी मला आठवत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. पण धाकटी माझ्याकडे बघत होती, आणि मला डोळ्यांसमोर हूक दिसला, वस्ताद दिसले, मॅनेजर दिसले, आणि वाटलं, अकरा वर्षांत कधी काय झालंय?

"नाही गं," मी म्हटलं. "रेघ दिसतेय ना तुला?"

"खा," ही धाकटीला म्हणाली.

अख्खा डबा तिनं उभ्या उभ्या संपवला, तळाचा रससुद्धा तोंडाला लावून प्यायली, आणि ते सगळं पोटात ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तिला भातही जाऊ लागला. घरात नुसता आनंदीआनंद. ही मला म्हणाली, "तुमच्या डब्यानं काम केलं हो." मी फुशारलो.

पहिला आठवडा मी काहीतरी निमित्त काढून धाकटीच्या कपाळाला हात लावून बघायचो. काही नव्हतं. दुसराही गेला. मग मी बघायचं सोडून दिलं. बाविसाव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "दादा, अंग मोडून आलंय रे." दुपारपर्यंत ताप एकशे दोनवर गेला आणि पाठीतून कळा यायला लागल्या. आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. काय खाल्लं, कुठं खाल्लं, कधी. हिनं पिशवीतून वही काढली आणि पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "कापलेलं खरबूज खाल्लंय, बावीस दिवसांपूर्वी. तो जंतू उशिरा उठतो, मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. पण ते मी मोजलेलं आहे. ही नोंद बघा. त्यातून होणं शक्य नाही."

डॉक्टरीणबाईंनी पान बघितलं. हिचा शब्द त्यांनीही मानला, सगळे मानतात. "मग साथीचा ताप दिसतोय. रक्त तपासायला पाठवलंय, जंतू असले तर उगवून यायला दोन दिवस लागतील. तोपर्यंत ताप उतरायचं औषध देऊ आणि बाळावर लक्ष ठेवू."

मी तिथंच उभा होतो, हातात पाण्याची बाटली. दुपारचे तीन वाजले होते. एक वाक्य बोलायचं होतं. गाडी तापली होती. इतकंच. बोललो तर काय काय बाहेर येईल ते सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं, हूक, मी शिकवलेली सहा माणसं, हिचा चेहरा. मी स्वतःला सांगितलं, साथीचाच असेल. डॉक्टर म्हणतायत ना? आणि बाटली धाकटीच्या उशाशी ठेवून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला नर्सनं येऊन सांगितलं की बाळाची हालचाल मंदावलीय. ही बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. पानं भरलेली. तोच हिशेब, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रीतीनं, आणि प्रत्येक वेळी खाली तेच उत्तर. एकाचे चार.

"माझंच काहीतरी चुकतंय," ही वहीकडे बघत म्हणाली. "हा साथीचा ताप नाही हो. मला दिसतंय. आणि उत्तर येत नाहीये. तक्ताच चुकलाय माझा. पंधरा वर्षं मी लोकांना काय खाऊ घातलं असेल?" उत्तरावर तिनं काट मारली. या बाईला स्वतःचा आकडा खोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तक्ता बरोबर आहे," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. हूक, फाटलेलं रबर, पूल, शेवटची रांग. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती मला बोलेल, दोन थोबाडीत ठेवून देईल, काहीतरी करेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "मागच्या रांगेला किती होतं?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"खरंच माहीत नाही गं. तिथं कुणी कधी मोजलंच नाही."

ती उठली आणि पळाली. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी तिला पळताना पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं आणि तिचा आवाज मला बाकावर ऐकू आला. "माझा आकडा धरू नका. नोंद खोटी आहे. त्या जंतूचं औषध आत्ता, या मिनिटाला सुरू करा." नऊ वाजून दहा मिनिटांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. त्यांनी वेळ कागदावर लिहिली म्हणून मला माहीत आहे. मी आदल्या दिवशी तीन वाजता तोंड उघडलं असतं तर अठरा तास आधी झालं असतं. अठरा तास. शेवटी मीही तासांत मोजायला शिकलो.

दुपारी धाकटीजवळ कुणाला सोडत नव्हते. ही जिन्यातून खाली आली आणि म्हणाली, "गाडी काढा."

"आत्ता?"

"त्याच पुलावर. त्याच उन्हात."

रबर अजून तसंच होतं, फाटलेलं. हिनं कारखान्यातून दोन तापमापक आणले. एक हुकाला टांगला. दुसरा हातात घेऊन मागच्या दाराजवळ क्रेट उपडा घातला आणि त्यावर बसली. "बाहेरून दार लावा."

"वेडी झालीस का? तीन तास आत?"

"लावा म्हटलं ना!"

मी लावलं. पुलाच्या कडेला गाडी उभी केली. मधल्या पत्र्यावर मी थोड्या थोड्या वेळानं दोन टकटका मारायचो, आतून दोन यायच्या. एवढाच काय तो संवाद. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावू देईना. मी केबिनमध्ये बसून धाकटीसाठी काय काय बोललो, कुणाला बोललो, ते मला सांगता येणार नाही. मी देवाला मानणाऱ्यातला नाही. त्या दिवशी मी कुणाचेही पाय धरले असते.

तीन तासांनी दार उघडलं. ही क्रेटवर तशीच बसलेली, वही मांडीवर. ती गारठली नव्हती. थंड गाडीत तीन तास बसून बाहेर आलेलं माणूस कसं असतं ते मला माहीत आहे, ओठ काळेनिळे, बोटं वळत नाहीत. हिची बोटं छान पेन्सिल धरून होती.

"हुकाला चार," ती म्हणाली. "इथं चौदा. रात्रीचा गारवा धरून सरासरी बारा. एकाचे हजार." पान माझ्याकडे वळवलं. "उत्तर आलं." आणि ढसाढसा रडायला लागली. मी हात पुढे केला तो तिनं बाजूला सारला. डोळे पुसून म्हणाली, "त्या रांगेत एकूण डबे किती होते?"

"तेवीस. एक मी घेतला."

"बावीस कुठं दिले?"

मी आठवून आठवून दुकानं सांगितली, तिनं लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ती यादी आणि वही घेऊन मॅनेजरसमोर उभी राहिली. आता सगळ्या गाड्यांतले हूक उपटलेत. मला कामावरून काढलं, ते योग्यच केलं. वस्ताद माझं तोंड बघत नाहीत. ते बावीस डबे कुणी खाल्ले याचा पत्ता लागला नाही. त्यात कुणी पोटुशी होती का, हे मला आयुष्यभर कळणार नाही.

पुलावरून परतलो त्याच संध्याकाळी धाकटीचं ऑपरेशन करून बाळ काढलं. साडेसात महिन्यांची मुलगी. माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. जंतू तिच्याही रक्तात होते. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. धाकटीचा ताप औषधानं उतरत आला. बाळाचं काय ते कुणीच छातीठोक सांगेना.

तिसऱ्या दिवशी धाकटीला चाकाच्या खुर्चीतून पेटीपाशी आणलं. खुर्ची ही ढकलत होती, मी मागे. धाकटी किती तरी वेळ काचेला नाक लावून बसली. मग मागे न वळता म्हणाली, "वहिनी, तुझा आकडा कधीच फसत नाही ना गं? मग असं कसं झालं?"

हिचे हात खुर्चीच्या मुठींवर होते. हिनं माझ्याकडे बघितलं नाही. "या वेळी फसला," ही म्हणाली. "माझा हिशेब चुकला, धाकटे."

एका आकड्यासाठी पंधरा वर्षं मॅनेजरशी भांडलेली बाई. बहिणीला भाऊ उरावा म्हणून तिनं आपलं सगळं एका वाक्यात देऊन टाकलं. आणि मला, लाज वाटते सांगायला, मला सुटल्यासारखं वाटलं. आपण गप्प राहिलो तर चालेल, असं वाटलं. कुणाच्याच डोळ्यांत बघता येईना म्हणून मी पेटीकडे बघत राहिलो. पेटीच्या वर, उंच दांड्यावर, दोन आकडे उजळलेले होते. वर साडेछत्तीस, खाली चौतीस. काहीतरी बोलायचं म्हणून मी नर्सला विचारलं, "हे दोन कशाला?"

"खालचा पेटीतल्या हवेचा. वरचा बाळाचा."

"एक पुरत नाही?"

"हवा ठीक असली म्हणजे बाळ ठीक असतंच असं नाही ना, काका. बाळाचं बाळालाच लावून बघावं लागतं." तिनं बोट दाखवलं. पोरीच्या एवढ्याशा पोटावर एक गोल चिकटपट्टी होती आणि तिच्यातून बारीक वायर बाहेर आलेली.

मी धाकटीच्या खुर्चीपुढे खाली बसलो. "वहिनीचा आकडा बरोबर होता," मी म्हटलं. "मी मोजायची डबी भलतीकडे टांगली होती. पंख्याखाली. आम्ही सगळे तिथंच टांगायचो. आणि तुझा डबा मी दाराजवळून उचलला. तो गार नव्हता."

"अहो, पुरे," ही म्हणाली.

धाकटी माझ्याकडे बघत होती. "वहिनीनं विचारलं होतं तुला. माझ्यासमोर."

"हो."

"तू माझ्याकडे बघून नाही म्हणालास."

"हो."

"का रे, दादा?"

"मला वाटलं, काही होणार नाही."

तिनं माझ्यावरची नजर काढून घेतली आणि परत काचेला नाक लावलं. "बाहेर जा," म्हणाली. आवाज चढवला नाही.

मी बाहेर गेलो. दाराला धुरकट काचेची चौकट होती. तिच्यातून आतलं माणूस नीट दिसत नसे, पण पेटीवरचे दोन्ही आकडे वाचता येत. पुढचे तीन दिवस मी तिथंच उभा राहिलो. ही तासातासानं बाहेर यायची, वरचा आकडा मला तोंडानं सांगायची, जसा काही मला दिसत नव्हता, आणि आत जायची. तेवढ्यासाठी मी तासभर थांबायचो.

सहाव्या दिवशी दुपारी वरचा आकडा छत्तीसवर आला. मग पस्तीस आणि काहीतरी. नर्स धावत आली, मागून डॉक्टर आले, त्यांच्या पाठींमुळे मला पेटी दिसेना, आकडे तेवढे दिसत राहिले. धाकटीचा हंबरडा ऐकू आला, मग हिचा. वरचा पस्तीस झाला. मग चौतीस. खालचाही चौतीसच होता. तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही.